पुढच्या होम कन्सोलकडून नेमकं काय हवं? (टेराफ्लॉप, म्हणजे ग्राफिक्सची नुसती ताकद, सोडून बोला)

सिंहगडरोडी

नमस्कार मंडळी,

सोनी आणि एएमडीने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुढच्या ग्राफिक्स चिपमधल्या तीन गोष्टी उघड केल्या: न्यूरल अ‍ॅरे, रेडियन्स कोअर (रे-ट्रेसिंगसाठी, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशोब करून चित्र काढण्यासाठी) आणि युनिव्हर्सल कॉम्प्रेशन. पुढच्या एक्सबॉक्सची चिपही एएमडीबरोबरच बनणार, हे मायक्रोसॉफ्टने जून २०२५ मध्येच सांगितलं होतं. म्हणजे चिप कुणाची ते ठरलं आणि रे-ट्रेसिंग वाढणार हेही ठरलं. त्यावर आपण कितीही काथ्याकूट केला तरी काही बदलणार नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. पुण्यातलं घर धरा. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद, पावसाळ्यात दमट हवा, उन्हाळ्यात धूळ आणि नेट फायबरचं असलं तरी सीजीनॅटच्या (एकच इंटरनेट पत्ता अनेक घरांत वाटायची पद्धत) आड. अशा घरात सात-आठ वर्षं टिकेल असं मशीन हवं असेल तर कंपनीकडे काय मागायचं? "चांगलं कूलिंग द्या" छापाची उत्तरं नकोत. भाग कोणता, आकडा किती, आत्ताच्या मशीनमध्ये काय बिघडतं आणि का, हे लिहा. नवं मशीन येईपर्यंत तोच त्रास आत्ता कसा टाळायचा, हेही लिहिलंत तर फारच छान. किमतीचं रडगाणं दुसऱ्या धाग्यावर गाऊ.

माझ्या यादीत सध्या तीनच नोंदी आहेत: पॅडच्या (हातातल्या कंट्रोलरच्या) स्टिक, स्टोरेज, डिस्क ड्राइव्ह. भर घाला किंवा खोडा.

---

पेठेतला_सोल्डर

पॅडपासून सुरू करतो, कारण सगळ्यात आधी तोच जातो.

आजच्या बहुतेक पॅडमध्ये स्टिकच्या प्रत्येक अक्षाला एक पोटेन्शिओमीटर असतो. आत कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी धातूची जीभ. पट्टा झिजला, त्याची भुकटी जिभेखाली अडकली की स्टिक मध्यावर असूनही मधला आकडा येत नाही. हाच तो ड्रिफ्ट. डेड झोन (मध्याजवळची हालचाल मोजायचीच नाही असा पट्टा) वाढवणं म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवणं. नेम धरायच्या गेममध्ये त्याने बारीक हालचालच मरते.

स्टिक बदलणं कागदावर सोपं आहे, प्रत्यक्षात नाही. एका स्टिकला १४ जोड असतात: दोन पोटेन्शिओमीटरचे ३-३, दाबायच्या बटणाचे ४ आणि पत्र्याच्या पायांचे ४. बोर्ड अनेक थरांचा असल्यामुळे ग्राउंडचे पाय उष्णता शोषून घेतात. तिथे थंड सोल्डरिंग इस्त्रीने खेचाखेची केली की भोकाच्या आतलं तांबंच उपटून येतं आणि पॅड कायमचा बाद होतो. ३५० ते ३८० अंशांची इस्त्री, भरपूर फ्लक्स, आधी प्रत्येक जोडावर शिसं असलेलं ताजं सोल्डर चढवून जुनं पातळ करायचं आणि मगच पंपाने ओढायचं. बिस्मथवालं कमी तापमानाला वितळणारं सोल्डर मिळालं तर काम निम्म्यावर येतं, फक्त नवी स्टिक बसवण्याआधी ते विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) पूर्ण पुसून काढा, कारण त्याचा जोड ठिसूळ राहतो. हे सामान तपकीर गल्लीत मिळतं. स्टिक मात्र घेतानाच तपासून घ्या. एकाच पिशवीतल्या दोन स्टिकचा मध्यबिंदूही जुळत नाही, असं होतं. बसवल्यावर कॅलिब्रेशन करावं लागतं आणि ते पॅडच्या मेमरीत कायम लिहावं लागतं, नाहीतर नवी स्टिकसुद्धा एका बाजूला ओढते.

तर मागणी अशी: चुंबकीय सेन्सर, हॉल इफेक्ट किंवा टीएमआर. यात घासणारं काहीच नसतं. टीएमआरला वीज कमी लागते, म्हणून बिनतारी पॅडला तोच बरा. हे काही अंतराळविज्ञान नाही राव, सेगाच्या ड्रीमकास्टच्या पॅडमध्ये हॉल सेन्सर होता आणि ते मशीन जपानात १९९८ साली आलं. दुसरी मागणी, स्टिकचा अख्खा मॉड्यूल सोल्डरशिवाय बाहेर निघावा. सोनीने २०२३ च्या ड्युअलसेन्स एजमध्ये ते करून दाखवलं आहे, पण महागड्या पॅडमध्ये. तेच साध्या पॅडला द्या. आणि बॅटरी खटक्याच्या झाकणामागे. एक्सबॉक्सचे डबल ए सेल जुनाट वाटतात खरे, पण दहा वर्षांनीही ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील.

आता एचडीएमआय, ज्याकडे कोणीच बघत नाही. सोनीचा पीएस५ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स दोन्हींची पॉवर केबल दोन पिनांची, म्हणजे अर्थिंग नाही. सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरमुळे मशीनचा पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत असतो. प्रवाह नगण्य, पण चालू मशीनमध्ये एचडीएमआय खुपसताना तो डेटाच्या पिनांमधून वाट काढू शकतो. टीव्हीला केबलवाल्याची कोअॅक्स लागलेली असेल तर आणखीच वाईट, पावसाळ्यात वीज कडाडते तेव्हा तर विचारूच नका. मग "पोर्ट गेला" म्हणून पोर्ट बदलतात आणि तरी चित्र येत नाही, कारण जळलेली असते ती मागची एचडीएमआय चिप. पीएस५ मध्ये पॅनासोनिकची एमएन८६४७३९. १९ पिनांचा पोर्ट बदलण्याआधी मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून डेटाच्या आठ पिना तपासा. सातांचं रीडिंग सारखं आणि एकाचंच वेगळं आलं तर पोर्टला हात लावू नका, आधी चिप आणि तिच्यापर्यंतची वाट बघा.

म्हणून मागणी: तीन पिनांचं सॉकेट, आणि एचडीएमआयचा पोर्ट मुख्य बोर्डावर न ठेवता छोट्या वेगळ्या बोर्डावर, रिबनने जोडलेला. तोवर केबल लावताना-काढताना दोन्ही उपकरणांचे स्विच भिंतीवरून बंद करा.

---

गुरुवार_बंद

नावावरून कळलं असेलच, मी विजेवर बोलणार.

आधी एक गैरसमज. कन्सोलला स्टॅबिलायझर लागत नाही. सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो, व्होल्टेज १७० झालं तरी त्याला फरक पडत नाही. त्याला मारतात दोन गोष्टी: वीज परत येतानाचा झटका आणि खेळ सेव्ह होत असताना गेलेली वीज.

पीएस५ च्या रेस्ट मोडमध्ये थांबवलेला गेम रॅममध्ये असतो. वीज गेली की गेम गेला. वर यूएसबी ड्राइव्ह लावलेला असेल तर तो नीट काढला नाही म्हणून पुढच्या वेळी तपासणी. एक्सबॉक्सचं क्विक रिझ्यूम गेमची स्थिती एसएसडीवर (कायमच्या स्टोरेजवर) लिहितं, त्यामुळे प्लग काढून दोन दिवसांनी लावला तरी गेम तिथूनच सुरू होतो. पुढच्या मशीनकडून, कुणाचंही असो, माझी पहिली मागणी हीच: थांबवलेला गेम रॅमवर नव्हे, एसएसडीवर. १६ जीबी रॅम ५ जीबी प्रति सेकंद वेगाने लिहायला तीन-साडेतीन सेकंद लागतात. म्हणजे तांत्रिक अडचण काही नाही.

दुसरी मागणी, सप्लायचा होल्ड-अप (वीज गेल्यावर मशीन तग धरतं तो क्षण) वाढवा. घरच्या इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे एक स्विच असतो, यूपीएस मोड आणि इको मोड असा. नावं कंपनीगणिक बदलतात. इको मोडमध्ये इन्व्हर्टर सावकाश बदल करतो, पंख्याला कळतही नाही, कन्सोल मात्र रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर ठेवा. त्यात साधारण १८० व्होल्टच्या खाली आलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, त्यामुळे बॅटरी जास्त वापरली जाते, ते गृहीत धरा. चौकोनी वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर कन्सोल त्यावर लावूच नका. पीएफसी (वीज ओढण्याची लय सुधारणारं सर्किट) असलेल्या सप्लायला ती वेव्ह पचत नाही, गुणगुण ऐकू येते आणि भार वाढला की बंद पडतो.

इन्व्हर्टर नसेल तर यूपीएस. हिशोब: खेळताना पीएस५ साधारण २०० ते २१० वॅट, ५५ इंची एलईडी टीव्ही १२० च्या आसपास, राउटर १०. झाले ३४०. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ३६० वॅट, कडेलोटावर. शिवाय त्यात एकच १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी, म्हणजे ८४ वॅट-तास, आणि एवढ्या भाराला लेड-अ‍ॅसिड त्यातली जेमतेम निम्मी देते. १००० किंवा ११०० व्हीए, दोन बॅटऱ्यांचा घ्या. खेळत राहायला तो नाही, सेव्ह करून मशीन बंद करायला आहे. टीव्ही यूपीएसवर घेतला नाही तर सेव्ह कुठे करताय ते दिसणारच नाही, हे लोक विसरतात. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदला.

वीज गेल्यावर पीएस५ अडखळला तर लगेच रीसेट करू नका. मशीन पूर्ण बंद करा, पॉवर बटण दुसरी बीप येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धरा. सेफ मोड येतो. पॅड यूएसबी केबलने जोडा. ब्लूटूथ इथे चालत नाही. कॅश साफ करून डेटाबेस पुन्हा बांधायचा पर्याय घ्या. गेम आणि सेव्ह जात नाहीत.

---

डिस्कवाली

@सिंहगडरोडी, तुमच्या यादीतल्या उरलेल्या दोन गोष्टींवर.

स्टोरेजमध्ये सोनीचं धोरण बरोबर होतं, तेच पुढे चालवावं: बाजारातला कुठलाही एम.२ (छोट्या पट्टीच्या आकाराचा) एसएसडी चालला पाहिजे. सिरीज एक्स आणि एसची खास कार्डं वापरायला सोपी आहेत, कबूल. पण आकार त्यांचाच, म्हणून भावही त्यांचाच. पहिल्या पीएस५ मध्ये ८२५ जीबीपैकी ६६७ जीबी हाती लागतात. आजचे मोठे गेम शंभर जीबीच्या पुढे जातात, म्हणजे सहा गेममध्ये घर भरलं. पुढचं मशीन २ टीबीच्या खाली येऊ नये आणि दुसरा स्लॉट रिकामा असावा. पीएस५ प्रो २ टीबीचाच आहे, तेव्हा ही मागणी अवाजवी नाही.

आत्ता एसएसडी घ्यायचा तर हे बघा: पीसीआयई जेन ४, सोनीच्या शिफारशीप्रमाणे ५,५०० एमबी प्रति सेकंद किंवा जास्त वाचनवेग, कमाल ८ टीबी. हीटसिंक (उष्णता काढणारा धातूचा तुकडा) हवाच. सगळं धरून उंची ११.२५ मिमी आणि रुंदी २५ मिमीच्या आत. पीसीच्या मदरबोर्डसाठी बनलेले ऐटदार हीटसिंक इथेच नापास होतात. हीटसिंक वेगळा चिकटवत असाल तर थर्मल पॅडच्या दोन्ही बाजूंची फिल्म सोला. एक बाजू राहून जाते आणि मग "एसएसडी तापतो" अशी तक्रार येते. आत पितळी रंगाचा छोटा स्पेसर असतो, तो आधी ८० खुणेच्या भोकात सरकवायचा, मग एसएसडी तिरका घालून खाली दाबायचा आणि स्क्रू लावायचा. स्पेसर विसरला तर स्क्रू आवळताना बोर्ड वाकतो. सुरू केल्यावर मशीन स्वतःच फॉरमॅट विचारतं आणि वेग मोजून दाखवतं.

पैसे वाचवायचे असतील तर साधी यूएसबी हार्ड डिस्क गोदाम म्हणून ठेवा. पीएस५ चे गेम तिच्यावरून चालत नाहीत, पण साठवता येतात. १०० जीबीचा गेम तिच्यावरून आत आणायला १०० एमबी प्रति सेकंद धरून १७ मिनिटं लागतात. तोच १०० एमबीपीएसच्या नेटवरून उतरवायला, वेग पूर्ण मिळाला असं मानलं तरी, २ तास १३ मिनिटं. हब मध्ये घालू नका, थेट मशीनला जोडा.

आता डिस्क. ड्राइव्ह सुटा असावा, ही कल्पना मला मान्य आहे. २०२३ च्या स्लिममध्ये तो निघतो. बिघडला तर बदलता येतो, हे आधीच्या पीएस५ पेक्षा कितीतरी बरं, कारण तिथे ड्राइव्हचा बोर्ड मदरबोर्डशी बांधलेला असतो. पण सुटा ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना नेटवरून नोंदवावा लागतो. सर्व्हर उद्या असेल, पंधरा वर्षांनी असेलच असं नाही. निन्टेन्डोच्या वी यू आणि ३डीएसचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं, एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला. पीएस३ चं दुकान बंद करायचं सोनीने २०२१ मध्ये जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर महिन्याभरात मागे घेतलं. म्हणजे ओरडण्याचा उपयोग होतो!

म्हणून तीन मागण्या. ड्राइव्हची नोंदणी नेटशिवाय, मशीनमध्येच व्हावी. डिस्कवर पूर्ण गेम असावा, नुसती किल्ली नको. निन्टेन्डोच्या स्विच २ च्या गेम-की कार्डात गेम नसतोच, तो नेटवरून उतरवावा लागतो. आणि घड्याळाचा सेल संपला म्हणून गेम अडू नयेत. पीएस४ मध्ये आतला सीआर२०३२ सेल संपला आणि नेट नसेल तर गेम अडायचे. सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटने ते सुटलं. वीस-पंचवीस रुपयांचा सेल, आणि त्यासाठी अख्खं मशीन उघडायचं! सेलला बाहेरून झाकण द्या.

---

चाळीसची_चौकट

वरचं सगळं मान्य, पण "टेराफ्लॉप सोडून" म्हणता म्हणता सीपीयूही (मुख्य प्रोसेसर) सोडलात. सेकंदाला ३० फ्रेमवर अडकलेल्या बऱ्याच गेमचं दुखणं ग्राफिक्स नाही, सीपीयू आहे. पीएस५ मध्ये एएमडीच्या झेन २ पिढीचे आठ कोअर ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत. प्रोमध्ये ग्राफिक्स १६.७ टेराफ्लॉपवर गेलं, सीपीयू मात्र तोच झेन २, फार तर ३.८५ गिगाहर्ट्झ. गर्दीचं शहर, भौतिकशास्त्र, शत्रूंची हालचाल हे सगळं सीपीयूवर. रिझोल्यूशन कमी करून ते हलकं होत नाही. चित्र मोठं करण्याचं काम आता अपस्केलिंग करेल, तेव्हा चिपचं बजेट सीपीयू आणि रॅमवर खर्च व्हावं.

४० फ्रेमचा पर्याय मात्र सक्तीचा करा. ३० म्हणजे दर फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद, ६० म्हणजे १६.७. बरोबर मधला वेळ २५ मिलिसेकंद, म्हणजे ४० फ्रेम. दिसायला दहा फ्रेमची भर, हाताला मात्र अर्धं अंतर कापल्यासारखं वाटतं. यासाठी टीव्ही १२० हर्ट्झचा लागतो, कारण प्रत्येक फ्रेम बरोबर तीन रिफ्रेश टिकते. ६० हर्ट्झवर दीड रिफ्रेशचा हिशोब बसत नाही आणि चित्र हिसके देतं. व्हीआरआरची (टीव्हीचा रिफ्रेश गेमच्या फ्रेमप्रमाणे बदलणारी सोय) खालची मर्यादा पीएस५ वर ४८ हर्ट्झ आहे. गेम ४५ वर घसरला की व्हीआरआर असून नसल्यासारखं. फ्रेम दुप्पट करून पाठवायची सोय मशीनच्या पातळीवर हवी, प्रत्येक गेमच्या मर्जीवर नको. पीएस५ चं एचडीएमआय सेकंदाला ३२ गिगाबिटला थांबतं, सिरीज एक्सचं ४० ला. पुढच्यात पूर्ण ४८ द्या.

आणि कृपा करून कमी रॅमचं धाकटं भावंड काढू नका. सिरीज एसमध्ये १० जीबी रॅम, त्यातले २ जीबी संथ. बाल्डर्स गेट ३ एक्सबॉक्सवर डिसेंबर २०२३ पर्यंत लांबला तो एसवर स्प्लिट-स्क्रीन (एकाच टीव्हीवर दोघांचा खेळ) बसेना म्हणून. शेवटी एसवर ते वगळूनच आला. स्वस्त मॉडेल हवं तर ग्राफिक्स कमी करा, रॅम तेवढीच ठेवा.

---

फायबर_तुटली

नेटची बाजू राहिली.

पीएस५ वर नॅट टाइप ३ (म्हणजे बाहेरच्यांशी जोडणी अडकलेली) दिसतो, पार्टी चॅटमध्ये आवाज येत नाही, राउटरवर पोर्ट उघडून काही होत नाही. कारण बहुतेक वेळा सीजीनॅट. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुमचा पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. राउटरमधल्या पोर्ट फॉरवर्डिंग, यूपीएनपी, डीएमझेड या सेटिंगांत वेळ घालवू नका. इंटरनेटवाल्याकडून पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी मागा. कॉल सेंटरला "नॅट" सांगून उपयोग नाही, "सीसीटीव्ही बाहेरून बघायचाय, स्टॅटिक आयपी द्या" म्हटलं की लगेच समजतं. कंपनीकडे मागणी: आयपीव्ही६ वर (प्रत्येक उपकरणाला वेगळा पत्ता देणारी नवी पद्धत) सगळं चालू द्या. तिथे सीजीनॅटचा प्रश्नच येत नाही.

सर्व्हर इथे ठेवा, हीही मागणी लिहाच. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरचा सेंट्रल इंडिया विभाग पुण्यातच आहे. गावात डेटा सेंटर असताना गेमने सिंगापूरला जोडायचं म्हणजे लक्ष्मी रोडला जायला कात्रज घाटातून वळसा.

वायफायबद्दल: पीएस५ प्रो ७ नोव्हेंबर २०२४ ला बाहेर आला, भारतात नाही. सोनीने कारण दिलं की वायफाय ७ साठीचा ६ गिगाहर्ट्झ पट्टा तेव्हा इथे खुला नव्हता. अरे, मग तो पट्टा देशानुसार बंद ठेवता येईल असं मशीन बनवा ना! रेडिओचं कार्ड सुटं आणि बदलता येईल असं ठेवलं तरी चालेल.

उरला निन्टेन्डो. त्यांची भारतात अधिकृत विक्री नाही. गंमत म्हणजे आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी आला तो स्विचवरच. गाव आपलं, गेम आपला, मशीन मात्र बाहेरून येणाऱ्याकडून मागवायचं.

आणखी एक, कोणी लिहिलं नाही म्हणून: भाषांच्या यादीत मराठी. नुसता फॉन्ट टाकून भागत नाही, जोडाक्षरं जुळवणारं इंजिन लागतं, नाहीतर 'प्रश्न'मधला श्न पायमोडका दिसतो. वर वेलांटी, खाली उकार, म्हणून ओळींमधली जागाही रोमनपेक्षा जास्त लागते. सबटायटलचा चौकोन इंग्रजी मापाने कापला की रफारच उडतो.

---

सिंहगडरोडी

भरपूर मिळालं, सर्वांचे आभार. यादी सुधारतोय. दोन शंका. एक, पीएस५ चं लिक्विड मेटल (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा द्रव धातू) दर दोन वर्षांनी बदलावं असं दुकानवाले सांगतात, ते खरं का? दोन, धुळीसाठी काय मागायचं?

---

पेठेतला_सोल्डर

नाही. कारण नसताना हीटसिंक उचलूच नका. ते मेटल वीज वाहतं. एक थेंब बाजूच्या भागांवर गेला की शॉर्ट. अ‍ॅल्युमिनियमला लागलं तर त्याला खातं. मशीन तापून स्वतः बंद होत असेल, पंखा आणि हीटसिंकचे पंख साफ करूनही, तरच उघडायचं, आणि तेही ज्याने आधी केलंय त्याच्याकडून.

धूळ मात्र वर्षातून दोनदा काढा, मे अखेर आणि दिवाळीआधी. बाजूचं पांढरं कव्हर काढलं की धूळ साठवणारी दोन भोकं दिसतात, तिथे व्हॅक्यूमची नळी लावा. पंख्यावर हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर पंखा उलटसुलट भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. झुरळांना सप्लायची ऊब आवडते, म्हणून टीव्हीखालच्या बंद कप्प्यात मशीन ठेवू नका, चारही बाजूंनी १० सेंटिमीटर मोकळं.

मागणी एका ओळीत: हवा आत जाते तिथे बाहेरून निघणारी, धुता येणारी जाळी, आणि ती तुंबली की पडद्यावर सूचना. एसीला जमतं, कन्सोलला का नाही?

---

गुरुवार_बंद

@सिंहगडरोडी, यादीत माझ्या नावाने एक भर. ओएनटी (फायबर घरात येते तो डबा) आणि राउटर दोन्ही १२ व्होल्टचे असतील तर त्यांना वेगळा मिनी यूपीएस द्या, मोठ्यावर टांगू नका. ॲडॉप्टरवरचे अँपिअर बेरीज करून घ्या. दोन्ही मिळून २ च्या वर गेले तर एकच मिनी यूपीएस पुरत नाही, वीज गेल्याक्षणी राउटर रीस्टार्ट होतो.